चार महिन्यांची शिदोरी

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्याला पुण्यात चार महिन्यांपुरतं इंटरनेट घ्यायची वेळ आली नव्हती. शिवलीला कोरे आणि सायमा शेख या दोघींवर ती आली. धनकवडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांना मिळाला तो जानेवारी ते एप्रिल एवढ्याच मुदतीसाठी. शिवलीला वाचा-उपचाराच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पुण्यातल्या एका रुग्णालयात घशाच्या विभागात तिची तेवढ्या काळाची नेमणूक होती. सायमा उदगीरची, संख्याशास्त्र शिकणारी. तिचा प्रकल्पही एप्रिलमध्येच संपणार होता.

फ्लॅटच्या चारी बाजूंना नव्या, उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे मोबाइलला रेंज यायची ती फक्त मोरीच्या खिडकीत, तीही हात उंच धरला तर. वायर ओढून घ्यावी म्हटलं तर घरमालकांनी आधीच बजावलं होतं, की भिंतीला भोक पडता कामा नये. आणि नेटच्या कंपन्यांचं म्हणणं एकच. वर्षाचा करार करा, मध्येच सोडलंत तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरा.

“चार महिने राहणार आपण,” सायमा म्हणाली, “आणि हे बारा महिन्यांचा संसार मांडायलेत.”

शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांना ‘शिदोरी’ची पाटी दिसली. करार नाही, वायर नाही, अनामत नाही. महिन्याचे महिन्याला पैसे द्या, काम झालं की पेटी आणून द्या. दुकानदार ढमढेरे काकांनी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “सगळे विद्यार्थी हीच नेतात. न्या, लावा, विसरून जा.”

दोघींना हायसं वाटलं.

त्या पेटीची युक्ती खरोखरच हुशारीची होती. घरोघरी विजेचे नवे मीटर बसले तेव्हापासून मीटरवाचक हा माणूसच नाहीसा झाला होता. मीटर आपला आकडा रेडिओवरून स्वतःच कळवत. हा रेडिओ तळघरातून, जिन्याखालून, कुठूनही बोलू शके, पण तो फार बारीक धारेचा. त्याच्यातून एखादा आकडा जाईल, चित्रपट जाणार नाही. मीटर दिवसातून चार वेळा बोलत आणि उरलेला वेळ ती वाट रिकामी पडून असे. शिदोरी ही रिकामी वाट वापरी. वाचायचं, बघायचं जे काही लागेल ते रात्रभर थेंब थेंब भरून ठेवी आणि सकाळी हवाली करी. म्हणून तर तिचं नाव शिदोरी.

प्रश्न होता तो व्हिडिओ कॉलचा. जिवंत माणसाचा चेहरा काही रात्री भरून ठेवता येत नाही. त्यासाठी शिदोरी एक वेगळीच गोष्ट करी. पलीकडच्या माणसाचा चेहरा आणि आवाज ती एकदाच नीट शिकून घेई. याला म्हणायचं ‘ओळख’. त्यानंतर पलीकडून चित्र येतच नसे, आवाजही येत नसे. यायच्या त्या फक्त खुणा. भुवई एवढी वर गेली, ओठ असे मिटले, हा शब्द उच्चारला, सूर जरा चढला. बाजारातल्या कलकलाटात शब्द ऐकू आला नाही तर पलीकडचा फोन तो ओठांवरून ओळखी. या मूठभर खुणांवरून इकडची पेटी ते माणूस पुन्हा उभं करी, आपल्याजवळच्या ओळखीतून. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. आणि खुणांत न बसणारं जे काही असेल, ते सगळं ‘खरखर’ म्हणून गाळून टाकी. तारेतली खरखर आणि माणसाच्या गळ्यातली खरखर यांतला फरक त्या पेटीला शिकवायचा राहून गेला होता. शिकवणाऱ्यांना तशी गरज वाटली नसावी.

शिवलीलानं तासगावला फोन केला. मोरीच्या खिडकीतून.

“आई, रविवारी तुझी आणि अप्पांची ओळख द्यायचीय. उजेडात बसा, फोन समोर धरा आणि दहा मिनिटं काहीतरी बोला. एवढंच.”

“फोटो काढणार व्हय?” आईनं विचारलं.

“फोटोसारखंच समज.”

तिनं असं म्हणायला नको होतं. फोटो म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं हे तिला माहीत असायला हवं होतं.

मल्लाप्पा कोरे, म्हणजे अप्पा, तासगावच्या एका आडत दुकानात बेदाण्याचे सौदे पुकारत. बेदाण्याच्या राशींमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकायचा आणि अप्पांचा आवाज सगळ्यांच्या वर. “तीनशे दहा, तीनशे दहा, बोला, हिरवा माल हाय, काचेसारखा!” हा आवाज मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत पोचतो अशी ख्याती होती. अप्पांची बोली आधी कानात शिरते, मग खिशात, असं व्यापारी म्हणत. त्या वर्षी मात्र संक्रांतीच्या आधीपासून अप्पांचा घसा बसला होता. आता सौदे पुकारणाऱ्याचा घसा बसणं म्हणजे गवंड्याच्या हाताला चुना लागणं. कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही.

पण लेकीच्या पेटीत आवाज उतरणार म्हटल्यावर महादेवीनं, म्हणजे आईनं, मनावर घेतलं. शुक्रवारपासून तिनं अप्पांना मौन धरायला लावलं. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमधाची काडी, आल्याचा काढा. शनिवारी न्हाव्याकडून केसांना कलप. रविवारी सकाळी कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी. अंगणात खुर्ची टाकून अप्पा ताठ बसले आणि दोन दिवस राखून ठेवलेल्या आवाजात त्यांनी एक अख्खा सौदा पुकारून दाखवला. दहा मिनिटं घसा टिकला. संध्याकाळी पुन्हा बसला.

शिदोरीनं जे शिकून घेतलं ते हे अप्पा. जगात असे अप्पा त्या एका सकाळपुरतेच होते. शिवलीलाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सांगावं असं कुणाला सुचलंही नाही.

मग रोज संध्याकाळी बोलणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या पडद्यात अप्पा उमटले आणि शिवलीला बघतच राहिली. कपाळावरच्या विभूतीचा एकेक पट्टा दिसत होता.

“अप्पा, जेवलासा का?”

“अजून न्हाई. तुझी आई भाकरी करायलीय. तू जेवलीस?”

“तुमचा आवाज काय झकास येतोय! शेजारच्या खोलीत बसल्यासारखा.”

पलीकडे अप्पा हसले. त्यांना वाटलं, पोरगी घशाची डॉक्टर व्हायला निघालीय, बसलेल्या आवाजाची चेष्टा करतेय. तेही चेष्टेनं म्हणाले, “असाच असतो आमचा आवाज.”

शिवलीलाचं दिवसभराचं काम म्हणजे आवाजच. शिक्षक, कीर्तनकार, फेरीवाले, रडून रडून घसा फाटलेली लहान मुलं. त्यांना बोलायला लावायचं, कान देऊन ऐकायचं, लिहून ठेवायचं. प्रत्येकाला ती एकच गोष्ट पढवत असे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर थांबू नका, घसा आतून तपासून घ्या. हे वाक्य ती इतक्यांदा बोले की सायमालाही पाठ झालं होतं. मग घरी यायचं, पेटी लावायची आणि बापाचा खणखणीत आवाज ऐकून दिवसाचा शीण घालवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

मार्चमध्ये एकदा सायमा पडद्याकडे बघत म्हणाली, “तुझे अप्पा लई हौशी दिसायलेत. कलप रोज लावतात का? मुळं पांढरी झालेली कधी दिसलीच नाहीत.”

“आई लावत असेल,” शिवलीला हसली. “म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.”

पाडव्याला सुट्टी होती. तासगावची एसटी जेमतेम पाच तासांची. पण रुग्णालयात नोंदी तुंबल्या होत्या, ऊन कडक होतं, आणि गेलं काय न गेलं काय, माणसं तर रोजच भेटत होती. ती गेली नाही. त्या दिवशी आईनं पडद्यावरूनच गुढी कशी उभारली ते सांगितलं आणि अप्पा म्हणाले, “येऊन गेली असतीस तर बरं झालं असतं.” म्हणाले ते मात्र सौदा पुकारल्यासारखं, भरदार सुरात. त्या सुरातून कुणाला काही जाणवण्यासारखं नव्हतं.

एप्रिल संपत आला. शिवलीलाचं सामान न्यायला अप्पा आणि आई दोघंही पुण्याला निघाले. ती सकाळी स्वारगेटला जाऊन उभी राहिली. गाडी आली, माणसं उतरायला लागली, आणि पांढऱ्याशुभ्र केसांचा, गळ्याशी सदरा सैल झालेला एक म्हातारा पायरी चाचपत उतरताना तिनं पाहिला. त्याच्या मागून आई उतरली तेव्हा तिला कळलं की हे अप्पा.

“शिवू,” ते म्हणाले.

आवाज असा नव्हताच. सुक्या पाचोळ्यावरून काहीतरी फरफटत न्यावं तसा एक श्वास फक्त होता. असले श्वास तिनं चार महिन्यांत पुष्कळ ऐकले होते. ऐकल्याबरोबर आपण काय लिहितो तेही तिला माहीत होतं.

“अप्पा, हा आवाज कधीपासून असा?”

“कवाधरनं हाय की,” अप्पा म्हणाले. “संक्रांतीच्या आधीपासनं. आता जरा जास्त झालाय. तू रोज ऐकतीस न्हवं?”

शिवलीलानं हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. रिक्षावाले हाका मारत होते. तिनं अप्पांच्या मानेला हात लावून पाहिला आणि डाव्या बाजूची गाठ बोटांना लागली. त्या सकाळी ते धनकवडीला गेलेच नाहीत. स्वारगेटवरून सरळ रुग्णालयात गेले.

तपासण्या झाल्या. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ती शिकली होती त्यांनीच घसा आतून पाहिला. ते मितभाषी गृहस्थ होते. शिवलीलाला बाजूला घेऊन म्हणाले, “स्वरयंत्राचा कर्करोग आहे. जानेवारीत आला असतात तर किरणांवर भागलं असतं, आवाजही वाचला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल असं मला वाटतं.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

ती दार ढकलून बाहेर पडली.

बाहेर बाकावर आई पदर तोंडाला लावून बसली होती. शिवलीला शेजारी बसली आणि इतके दिवस डॉक्टरला का दाखवलं नाहीस म्हणून तिच्यावर चिडलीच.

“दाखवणार हुतो,” आई म्हणाली. “सांगलीच्या डॉक्टरचा नंबरबी घेतला हुता. ह्येच म्हणाले, कशाला? पोरगी रोज आवाज ऐकतीय. तिचं शिक्षणच ह्या घशाचं. काय असतं तर ती बोलली नसती का? तू काय म्हणालीस न्हाईस, उलट झकास म्हणालीस. म्हणून आम्ही बी निवांत ऱ्हायलो गं.”

आईच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. असतं तर शिवलीलाला बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं. चार महिने तिकडे एक माणूस आपला आजार रोज संध्याकाळी लेकीपुढे मांडत होता आणि ती तो बघून रोज त्याला घरी पाठवत होती. तिच्या गप्प बसण्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. शिवलीला तिथंच, रुग्णालयाच्या त्या बोळात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं शिदोरीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. एक तरुण मुलगा अदबीनं बोलला.

“काय तक्रार आहे मॅडम? आवाज तुटत होता का?”

“नाही.”

“अस्पष्ट येत होता?”

“नाही. अगदी स्पष्ट येत होता.”

“चित्र अडकायचं?”

“कधीच नाही.”

“मग तक्रार काय म्हणून लिहू मॅडम?”

शिवलीलानं सांगायचा प्रयत्न केला. माझे वडील आजारी होते आणि तुमची पेटी त्यांना बरं करून दाखवत होती. मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “पण मॅडम, ओळख दर पंधरा दिवसांनी नवी करावी अशी सूचना पेटीवर येते. तुमच्याकडे आली असेल.”

आली होती. दर वेळी ती ‘नंतर’ दाबत होती. दहा मिनिटं उजेडात बसवून अप्पांना कशाला त्रास द्यायचा, असं तिला वाटायचं. तिनं फोन ठेवला. तक्रार केली तरी कुणावर करायची? करार तर कुणाशीच झालेला नव्हता, आणि तीच गोष्ट त्यांना तेव्हा सोयीची वाटली होती.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली. अप्पांच्या गळ्याला पुढून एक छिद्र ठेवलं होतं, आता श्वास तिथून चालायचा. नाकात नळी, हाताला सलाइन. बोलायला गेले की ओठ हलत, जीभ हलत असे, पण ध्वनी नाही. एवढा मोठा यार्ड गाजवणारा माणूस खाटेवर पडल्या पडल्या तोंड उघडून मिटत होता आणि आई वेड्यासारखी त्यांच्याकडे आणि शिवलीलाकडे आळीपाळीनं बघत होती.

“काय म्हणतात? पाणी मागतात का? मला काय बी कळत न्हाई बघ.”

शिवलीलाला ओठ वाचता येत होते, तेही तिच्या शिक्षणातलंच होतं. एकेक वाक्य ती आईला सांगत राही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सायमा वॉर्डात आली. तिच्या हातात पेटी होती.

“ही इथं कशाला आणलीस?” शिवलीलानं विचारलं. “मी परत करायला सांगितलं होतं.”

“परत केली की त्यातली ओळख पुसतात,” सायमा म्हणाली. “मी ढमढेरे काकांना विचारलं. अप्पांचा आवाज जगात आता फक्त हिच्यात हाय. तुझा राग मला कळतो शिवा, तू म्हणशील तर आत्ता जाऊन देऊन येते. पण एकदा त्यांना तरी विचार ना.”

शिवलीलानं पेटी हातात घेतली. ज्या आवाजानं तिला फसवलं तोच उरला होता. तो पुसून टाकायचा अधिकार आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येईना. मग तिनं फोन अप्पांच्या तोंडासमोर उभा केला आणि पेटी सुरू केली.

अप्पांचे ओठ हलले.

“महादेवी, रडू नको,” पेटी म्हणाली.

अख्ख्या वॉर्डानं मान वळवली. आवाज तोच, दोन दिवसांच्या मौनानंतरचा, ज्येष्ठमध लावलेला, भरदार. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. तिनं नवऱ्याचे पाय धरले आणि रडता रडता हसायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी हात जोडले. अप्पांचेही डोळे चमकले. आपलाच आवाज ऐकून ते क्षणभर पूर्वीचे झाले, आणि त्यांनी हळूच एक सौदा पुकारला. तीनशे दहा, बोला, काचेसारखा माल! सिस्टरसुद्धा हसत दारात येऊन उभी राहिली.

शिवलीलाही हसली. मग वाकून तिनं विचारलं, “अप्पा, दुखतंय का?”

अप्पांनी आईकडे पाहिलं. ओठ हलले.

“न्हाई गं. काय सुदिक दुखत न्हाई,” पेटी खणखणीत बोलली.

अप्पा खोटं बोलायचे तेव्हा पहिल्या शब्दाला आवाज किंचित अडखळायचा. लहानपणापासून शिवलीलाला ते ओळखू यायचं. सौद्यात मार खाल्ला की घरी येऊन “आज बरं झालं” म्हणायचे तेव्हाही तो अडखळायचा. पेटीच्या आवाजात काहीच अडखळलं नाही. खरं की खोटं, तिला कळायला मार्ग नव्हता.

तिनं पेटी बंद केली.

“बंद का केलीस गं?” आई म्हणाली. “बोलू दे की त्यास्नी.”

“एक मिनिट थांब.” शिवलीला खाटेच्या कडेला बसली, आईकडे पाठ करून. अप्पांचा चेहरा आता फक्त तिलाच दिसत होता. गळ्याच्या छिद्रातून श्वास घरघरत येत-जात होता. तिनं अप्पांचा हात हातात घेतला.

“आता सांगा,” ती म्हणाली.

अप्पांनी तिचा हात घट्ट धरला. मग ओठ हलले. लई दुखतंय शिवू, ते म्हणाले. सोसवत न्हाई. हिला सांगू नको.

शिवलीलानं मान हलवली. सिस्टरला गाठून औषध वाढवून घ्यायला हवं होतं, आणि तेही आई इथं नसताना. ती उठली, वळली.

आई टक लावून तिच्याकडे बघत होती. “काय म्हणाले?”

“तू सकाळपासून जेवली नाहीस, जेवून ये म्हणतायत.”

“आणि दुखतंय का?”

“नाही म्हणाले. बरं वाटतंय त्यांना.”

“खरं?”

“खरं,” शिवलीला म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ निघाला. आईनं डबा उचलला आणि निवांत मनानं ती जेवायला खाली गेली.